थोडं घरी, बाकी वर्गात : महाविद्यालयातला पहिला ब्लेंडेड घटक कसा घ्यावा

नव्यानं रुजू झालेल्या प्राध्यापकाला, किंवा तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला, पहिल्या-दुसऱ्या सत्रातच विभागप्रमुख सांगतात, "यंदा तुमचा पेपर ब्लेंडेड पद्धतीनं घ्या." म्हणजे काही भाग ऑनलाइन, घरी, आणि बाकी वर्गात. मग बहुतेक जण पीपीटी गूगल क्लासरूमवर चढवतात आणि वर्गात नेहमीचा तास घेतात. त्यानं मुलांचं काम वाढतं, शिकणं होतं तिथंच राहतं.

हा लेख अशा नव्या शिक्षकांसाठी आहे. सगळा पेपर एकदम हाती घेऊ नका, एक घटक घ्या. उदाहरण म्हणून मी प्रथम वर्ष अर्थशास्त्रातला "मागणीची लवचिकता" (किंमत बदलली की मागणी किती बदलते याचं माप) हा घटक धरला आहे. इतिहास किंवा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांनी आपापला घटक त्या जागी ठेवून पाहावा.

माझं म्हणणं एवढंच आहे. एकट्यानं, आपल्या गतीनं, थांबत-थांबत करता येईल ते घरी द्यावं. मुलं जिथं अडतात ते वर्गात घ्यावं. आणि घरच्या कामातून मुलांचं जे कळेल, त्यावरून दुसऱ्या दिवशीचा तास ठरवावा. यातली तिसरी गोष्ट सुटली तर पहिल्या दोहोंचा फारसा उपयोग होत नाही.

आधी परवानगी आणि तासांचा हिशोब

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ मध्ये ब्लेंडेड पद्धतीबद्दल एक संकल्पना-टिपण काढलं. त्यात कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन घेऊ द्यावा, असं सुचवलं होतं. चार श्रेयांकांच्या थिअरी पेपरला सत्रात ६० तास धरले, तर ही कमाल मर्यादा २४ तासांवर जाते. पण ती मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. नवख्यानं सत्रात चार-पाच तासांपासून सुरुवात केली तरी भरपूर झालं. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरचे अभ्यासक्रम पूर्ण करून श्रेयांक मिळवणं हा वेगळा विषय, त्याचे नियमही वेगळे. दोन्हींची गल्लत करू नका.

तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक काढून वाचा आणि प्राचार्यांकडून लेखी होकार घ्या. लेखी का, तर ऑनलाइन दिलेला तास वेळापत्रकातून वजा व्हायला हवा. आठवड्याला चार तास असतील तर तीन वर्गात आणि एक घरी. चार वर्गात आणि वर घरचं काम, असं करायचं नाही. एका मुलाला सत्रात पाच-सहा पेपर असतात. प्रत्येकानं रोजचं अर्ध्या तासाचं काम दिलं तर रात्रीचे तीन तास त्यातच जातील. मुलगी सकाळच्या कॉलेजनंतर दुकानात काम करत असेल, तर हे तिला जमणारच नाही. विभागातल्या सगळ्यांनी मिळून स्टाफरूमच्या फळ्यावर एक साधा तक्ता लावावा : कोणत्या वारी कोणत्या विषयाचं घरचं काम. एवढ्यानं निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

मुलांच्या हातात नेमकं काय आहे

"स्मार्टफोन आहे का?" या प्रश्नाला जवळपास सगळे हात वर होतात. त्यावर विसंबू नका. एका कागदावर, नाव न लिहिता, वेगळे प्रश्न विचारा. रात्री आठ ते दहा फोन तुमच्या हातात असतो का? तो तुमचा एकट्याचा आहे की भावंडांत मिळून? घरात रेंज येते की गच्चीवर जावं लागतं? रोजचा डेटा संध्याकाळपर्यंत उरतो का? व्हिडिओ ऐकायला इअरफोन आहेत का?

या उत्तरांवरून तुमची पद्धत ठरते. तालुक्याच्या गावी एसटीनं येणारी मुलं असतील, तर ठरावीक वेळेची थेट झूम-तासिका हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. त्या वेळी कुणी बसमध्ये असतं, कुणाचा फोन वडिलांबरोबर शेतावर गेलेला असतो. त्यापेक्षा कॉलेजच्या वायफायवर दुपारी डाउनलोड करून रात्री केव्हाही पाहता येईल अशी छोटी फाइल बरी. सहा मिनिटांचा, कमी रिझोल्यूशनचा व्हिडिओ वीस-पंचवीस एमबीत बसतो. ज्यांना तेही शक्य नाही, त्यांच्यासाठी तोच मजकूर दोन पानांत टाइप करून झेरॉक्स ठेवा. ही सोय सगळ्यांना खुली असावी. ती घेताना कुणाला कारण सांगावं लागू नये.

दृष्टिबाधित विद्यार्थी असेल, तर पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून केलेली पीडीएफ त्याच्या फोनमधल्या स्क्रीनरीडरला वाचता येत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर वाचता येतो. पहिल्याच फाइलपासून ही सवय लावून घ्या, नंतर सगळं पुन्हा टाइप करणं जिवावर येतं.

घटकाची वाटणी

एक कोरा कागद घ्या. घटक संपल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे ते चार-पाच वाक्यांत लिहा. "लवचिकता समजणे" असं लिहू नका, कारण समजलं की नाही हे तपासायचं कसं? आमच्या उदाहरणात असं लिहिता येईल : दोन किमती आणि दोन मागण्या दिल्या तर लवचिकता काढता येणे, ती एकापेक्षा कमी की जास्त यावरून विक्रेत्याचं उत्पन्न वाढेल की घटेल ते सांगता येणे, वक्राचा उतार आणि लवचिकता यांतला फरक ओळखता येणे, रोजच्या बाजारातल्या एखाद्या घटनेला हे लावता येणे.

आता प्रत्येक वाक्यापुढे विचारा, हे एकट्यानं घरी जमेल का? सूत्र आणि त्यात आकडे घालणं जमेल. चुकलं तर मागं जाऊन पुन्हा पाहता येतं. उतार आणि लवचिकता यांत मात्र दरवर्षी मुलं घसरतात, ते वर्गातच हवं. बाजारातली घटना समजावून सांगायला तर चर्चा लागतेच. म्हणजे पहिलं वाक्य घरी, उरलेली तीन वर्गात. सगळ्या विषयांत प्रमाण असंच येईल असं नाही. पण व्याख्या, सूत्र, घटनाक्रम, आकृतीतले भाग हे बहुधा घरच्या बाजूला पडतं, आणि वाद, अर्थ लावणं, चुकीची समजूत मोडणं वर्गाच्या बाजूला.

विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांबद्दल एक वेगळा शब्द. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या प्रकल्पाची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे आभासी प्रयोग, फुकट आहेत आणि त्यांतली अनेक मराठीतही आहेत. केंद्र सरकारच्या पाठबळावर चालणाऱ्या 'व्हर्च्युअल लॅब्ज'ही आहेत. प्रयोगाच्या आदल्या दिवशी ते करून यायला सांगा, प्रयोगशाळेतला पहिला गोंधळाचा अर्धा तास वाचतो. पण ब्युरेटची तोटी अर्ध्या थेंबावर बंद करणं, फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग टिकतो की जातो ते पाहणं, हे बोटांनीच शिकावं लागतं. जर्नल भरलं म्हणून प्रयोग झाला असं मानू नका.

घरचा भाग : लहान, आणि तुमच्या आवाजात

आधी तयार काही मिळतं का ते पाहा. 'स्वयम्', सात आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं मिळून उभं केलेलं 'एनपीटेल', संगणकाच्या विषयांसाठी आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' (यांतले बरेच मराठीत डब केलेले आहेत), संज्ञांसाठी मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. दुसऱ्याचा व्हिडिओ डाउनलोड करून स्वतःच्या नावावर चढवू नका, दुवा द्या. दुवा देतानाही "हा व्हिडिओ पाहा" म्हणू नका. "चौथ्या मिनिटापासून नवव्यापर्यंत पाहा आणि तिथं टक्केवारी कोणत्या किमतीवर काढलीय ते लिहून आणा", असं नेमकं सांगा.

तरीही मुख्य भाग स्वतः बोलून करावा असं माझं ठाम मत आहे. मुलं तुमच्या आवाजाला सरावलेली असतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना संज्ञा दोन्ही भाषांत कुठं आणि कशा सांगायच्या हे तुम्हालाच माहीत असतं. खर्च काही नाही. टेबलावर कोरा कागद, वर पुस्तकांच्या चळतीतून पुढं काढलेला फोन, हातात जाड पेन. पंखा बंद, खिडकी लावलेली. शक्य असेल तर साधा कॉलर माइक घ्या. चित्र थोडं अंधूक असलं तरी चालतं, आवाज खराब असला की मुलं दुसऱ्याच मिनिटाला बंद करतात.

लांबी सहा मिनिटांच्या आत ठेवा. एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या लाखो नोंदींचा अभ्यास करून २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी त्यावर साधारणपणे सहा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाहीत. नुसत्या स्लाइडपेक्षा लिहीत-लिहीत समजावलेलं जास्त पाहिलं जातं, हेही त्याच अभ्यासातलं. पन्नास मिनिटांचं व्याख्यान कॅमेरा लावून टिपलं तर ते घरचा भाग होत नाही.

मध्ये एकदा थांबा. आयआयटी मुंबईच्या शिक्षक-प्रशिक्षणांत ही गोष्ट आवर्जून शिकवली गेली आहे : व्हिडिओच्या मध्यात एक प्रश्न टाकायचा, "आता थांबवा, वहीत उत्तर लिहा, मग पुढं चला" म्हणायचं, आणि मग उत्तर उलगडायचं. आपल्या घटकात असं : कांदा २० रुपयांवरून ३० रुपये किलो झाला, बाजारातली विक्री १०० किलोवरून ९० वर आली. किंमत किती टक्क्यांनी बदलली? मागणी किती? थांबा, काढा. मग पुढं : किमतीत ५० टक्के वाढ, मागणीत १० टक्के घट, म्हणून लवचिकता १० भागिले ५०, म्हणजे ०.२. एवढंच. बाकी वर्गात.

सगळं एकाच जागी ठेवा. कॉलेजचं मूडल (ऑनलाइन वर्गाची प्रणाली) चालू असेल तर मूडल, नसेल तर गूगल क्लासरूम. व्हॉट्सॲप ग्रुप फक्त सूचनेपुरता. तिथं टाकलेली फाइल वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली दोन दिवसांत गाडली जाते. फाइलला "अर्थ_घटक३_भाग१_लवचिकता" असं नाव द्या, "नवीन फायनल" नको.

तीन प्रश्न, आणि सकाळची वीस मिनिटं

व्हिडिओखाली तीनच प्रश्नांचा फॉर्म लावा. पहिला सरळ : नवे आकडे देऊन लवचिकता काढायला लावणारा. दुसरा थोडा खोचक : "मिठाची किंमत दुप्पट झाली तर तुमच्या घरात मीठ निम्मं लागेल का? का?" तिसरा प्रत्येक वेळी तोच : "यातलं काय नीट कळलं नाही? एका ओळीत लिहा. सगळं कळलं असेल तर वर्गाला विचारण्याजोगा एक प्रश्न लिहा." मराठीत, इंग्रजीत, रोमन लिपीत, कसंही लिहू द्या. मुदत तासाच्या आदल्या रात्रीची.

सकाळी चहा घेताना ही उत्तरं वाचायची. सत्तर मुलांची उत्तरं वाचायला वीसेक मिनिटं लागतात. तपासायची नाहीत, ढीग लावायचे : ज्यांना आलं, ज्यांची एकसारखी चूक झाली, आणि ज्यांनी काहीच केलं नाही. मधला ढीग सोन्याचा. समजा वीस जणांनी टक्केवारी काढताना नव्या किमतीनं भागलं आणि ५० ऐवजी ३३ टक्के लिहिलं. तुमच्या तासाची पहिली सात मिनिटं इथंच ठरली. कुणी "उणे चिन्ह का सोडून देतात?" असं विचारलं असेल, तर तो प्रश्न त्या मुलीचं नाव घेऊन, तिला विचारून, फळ्यावर लिहा. आपण लिहिलेलं सरांनी वाचलं हे एकदा कळलं, की पुढच्या आठवड्यापासून उत्तरं नीट येऊ लागतात. नुसत्या गुणांनी हे होत नाही.

वेळ नसेल तर व्हिडिओ सोडा, पण ही वीस मिनिटं सोडू नका.

वर्गातला तास

पहिला मोह टाळायचा. दहा-पंधरा मुलं काहीच न पाहता येतील. त्यांच्यासाठी सगळा व्हिडिओ फळ्यावर पुन्हा सांगितलात, तर पाहून आलेल्यांना तुम्ही शिकवलंत की पाहायची गरज नव्हती. पुढच्या वेळी कुणीच पाहणार नाही. त्यापेक्षा न पाहिलेल्यांना शेवटच्या दोन बाकांवर बसवा, दोन पानी टिपण द्या, पहिली दहा मिनिटं त्यांनी ते वाचावं. रागवू नका. तासानंतर एकेकाला कारण विचारा. कारण बहुतेकदा आळस नसतं.

मग चुकीच्या उत्तरांची सात मिनिटं. आणि त्यानंतर तासाचा गाभा. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरलेली एक रीत इथं फार उपयोगी पडते. फळ्यावर मागणीची एक सरळ रेषा काढा : किंमत १० असताना मागणी ८०, किंमत ४० असताना मागणी २०. विचारा, लवचिकता कुठं जास्त? (अ) दोन्हीकडं सारखी, (ब) १० रुपयांना, (क) ४० रुपयांना, (ड) सांगता येणार नाही.

एक मिनिट पूर्ण शांतता, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. मग सगळ्यांनी एकाच वेळी छातीजवळ बोटं दाखवायची : एक म्हणजे अ, दोन म्हणजे ब. छातीजवळ अशासाठी, की मागच्या-पुढच्याचं दिसू नये. फोन लागत नाही, रेंज लागत नाही. छापील कार्डं चालत असतील तर 'प्लिकर्स' पाहा, त्यात फक्त शिक्षकाच्या फोननं मुलांनी धरलेली कार्डं वाचली जातात.

बहुतेक वर्गांत 'अ'ची बोटं सर्वांत जास्त दिसतात. रेषा सरळ, उतार एकच, म्हणजे लवचिकताही एकच, असा तो विचार. उत्तर सांगू नका. साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील, तर म्हणा, "वेगळं बोट दाखवलेला शेजारी शोधा आणि त्याला पटवून द्या." त्याहून कमी बरोबर असतील तर आधी एक इशारा द्या : "उतार बाजूला ठेवा, टक्के काढा." तीन मिनिटं वर्ग गजबजतो. शेजारच्या वर्गातले सर डोकावतील, डोकावू द्या. तुम्ही बाकांमधून फिरा आणि फक्त ऐका. कुणीतरी म्हणत असतं, "अरे, दहावर पाच रुपये वाढले तर पन्नास टक्के, चाळीसवर पाच वाढले तर साडेबारा." ते वाक्य लक्षात ठेवा. पुन्हा बोटं. आता 'क' वाढलेली असतात. मग त्या मुलाला उभं करून तेच बोलायला लावा आणि नंतरच फळ्यावर आकडे मांडा : एका बिंदूवर ०.२५, दुसऱ्यावर ४. हे तुम्ही आधीच सांगितलं असतं तर वहीत उतरलं असतं, डोक्यात नाही.

उरलेल्या तासात बाजार. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि भाव मिळतात. लासलगावचे किंवा तुमच्या जवळच्या समितीचे आकडे मुलांना आणायला सांगा. मग एक सोपं केलेलं उदाहरण चौघा-चौघांच्या गटांना द्या. मागच्या वर्षी १०० क्विंटल कांदा, भाव २००० रुपये. यंदा पाऊस चांगला, सगळ्यांचंच पीक वाढलं, ११० क्विंटल, भाव १००० रुपये. शेतकऱ्याच्या हातात किती आले? दोन लाखांचे एक लाख दहा हजार झाले. पीक वाढलं आणि उत्पन्न घटलं, हे लवचिकतेच्या भाषेत तीन वाक्यांत लिहा. वर्गात कांदा पिकवणाऱ्या घरातली मुलं असतील, तर ती साठवणूक, कांदाचाळ, निर्यातबंदी, व्यापारी असे मुद्दे काढतील. पुस्तकातलं उदाहरण अपुरं का पडतं हेही त्यातून निघेल. तिथं वेळ द्या. घाई करून पुढचा घटक सुरू करण्यासाठी हा तास मोकळा केलेला नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी नक्की म्हणेल, "सर, तुम्हीच शिकवा ना, मॅडमचं लेक्चर कसं छान कळतं." खचू नका. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच झालेल्या एका प्रयोगात दिसलं, की अशा कृतिशील वर्गातली मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. ऐकताना सगळं सोपं वाटतं, स्वतः करताना अडखळायला होतं. हे पहिल्याच तासाला मुलांना मोकळेपणानं सांगा आणि कारणही सांगा.

गुण, हजेरी आणि कॉपी

घरच्या फॉर्मला उत्तर बरोबर आहे म्हणून नव्हे, प्रामाणिक प्रयत्न केला म्हणून अंतर्गत मूल्यमापनात थोडे गुण ठेवा. जास्त गुण ठेवलेत की एकाच्या उत्तरपत्रिकेचा स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतो आणि सकाळचे ढीग निरुपयोगी होतात. निबंधवजा गृहपाठ चॅटबॉटकडून लिहून येतो, हे आता गृहीत धरा. म्हणून जे खरंच तपासायचं आहे ते वर्गात, कागदावर, किंवा दोन मिनिटांच्या तोंडी परीक्षेत तपासा. घरचा तास हजेरीत कसा धरायचा ते प्राचार्यांच्या होकारातच लिहून घ्या. फॉर्म भरला की हजर, असं बहुधा चालतं. फॉर्मच्या नोंदी आणि वेळापत्रक महिन्याच्या शेवटी एका फोल्डरमध्ये ठेवत जा, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला वर्षअखेरीस लागतातच.

घटक संपल्यावर

मागच्या वर्षी याच घटकावर विचारलेला एखादा प्रश्न जसाच्या तसा घटक चाचणीत घाला. मागच्या उत्तरपत्रिका विभागात असतील तर दोन्ही वर्षांची उत्तरं शेजारी ठेवून पाहा. गुणांपेक्षा कारणं कशी लिहिली आहेत ते बघा, फरक असेल तर तिथं आधी दिसतो. मुलांनाही विचारा : घरचं काम करायला प्रत्यक्षात किती वेळ लागला? तुम्ही वीस मिनिटं धरली होती आणि बहुतेकांना पन्नास लागली असतील, तर पुढच्या वेळी ते निम्मं करा. कोणता व्हिडिओ कुठं थांबवून पुन्हा पाहिला, तेही विचारा. तिथं तुमचं बोलणं तोकडं पडलेलं असतं, तेवढाच भाग नव्यानं रेकॉर्ड करा.

पुढच्या सत्रात दोन घटक घ्या, त्याहून जास्त नकोत. पहिल्या घटकाच्या फाइली, प्रश्न, आणि मुलांनी केलेल्या नेहमीच्या चुकांची यादी विभागात ठेवून द्या. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची पुढच्या वर्षी नेमणूक होईलच असं नसतं, आणि येणाऱ्या नव्या माणसाला ती चुकांची यादी तुमच्या व्हिडिओंपेक्षाही जास्त कामाला येईल.